करथकबाकी : मौन सोडा, मार्ग आहेत

(एका सहकारी पतसंस्थेच्या सभासद मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



करविषयक व्याख्यानासाठी आपण एका पत्रकाराला, तेही कला शाखेच्या पदवीधराला पाचारण केले, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. संयोजकांना मी तसे म्हणालोही. त्यावर ते म्हणाले, ‘‘सनदी लेखापालांना आम्ही बोलावलेच आहे, ते प्रश्नोत्तरांना बसतील. पण नोटीस आल्यावर माणूस लेखापालाकडे जातच नाही, ही आमची अडचण आहे. त्याविषयी तुम्ही बोला.’’ त्यांचे म्हणणे मला पटले. कारण नोटीस आल्यावर माणूस कोठेच कसा जात नाही, हे मी माझ्याच आजोळी पाहिलेले आहे.

माझ्या मामांचे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी छोटे मुद्रणालय होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीच्या दिवसांत पत्रके, असा एकूण व्यवसाय. खिळे जुळवणारे तीन कामगार होते आणि चौथे स्वतः मामा. माणूस अत्यंत सचोटीचा. छपाईच्या कागदाचा वाया गेलेला रीमसुद्धा ते वहीत लिहून ठेवीत. अशा या मामांना १९९४ साली प्राप्तिकर खात्याकडून चौकशीसाठी बोलावणे आले. ते गेले नाहीत. पुन्हा पत्र आले. तेही त्यांनी बाजूला ठेवले. मग करनिर्धारण अधिकाऱ्याने, कायद्याने त्याला जो अधिकार दिला आहे त्यानुसार, स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवले आणि ३१,४०० रुपयांची मागणी नोटीस धाडली. त्या काळात त्या घराला ही रक्कम डोंगराएवढी होती. मामांनी ती नोटीस वाचली, घडी घातली आणि देव्हाऱ्यामागे सरकवून दिली. मामींनाही सांगितले नाही.

पुढे दोन वर्षे शांततेत गेली. आणि १९९६च्या दिवाळीच्या तोंडावर, कामगारांचे पगार आणि बोनस काढायला मामा बँकेत गेले, तेव्हा खाते गोठवलेले असल्याचे त्यांना कळले. बँकेच्या खिडकीशी, गावातल्या चार ओळखीच्या माणसांसमोर. मामींचा मला मुंबईला फोन आला. मी त्या वेळी एका दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पोहोचलो, तेव्हा मामा छापखान्यात यंत्रे बंद करून बसले होते. मी विचारले, ‘‘मामा, दोन वर्षांत तुम्ही एक ओळीचेही उत्तर का दिले नाहीत?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, मी काही चोरी केली नव्हती. उत्तर द्यायला गेलो असतो तर केली असं झालं असतं.’’

हे वाक्य मी इतक्या वर्षांत विसरलेलो नाही. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून देण्याविषयीची जी एक ताठ भावना आहे, ती मोठी मोलाची आहे. कुणाचे देणे ठेवू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु तीच भावना आपल्याला नोटीस लपवायलाही लावते. सरकारने आपल्याकडे बाकी दाखवली, म्हणजे आपली अब्रू गेली, असे वाटते. वस्तुतः मागणी नोटीस हा गुन्ह्याचा आरोप नव्हे. ते सरकारने मांडलेले गणित आहे. गणित चुकू शकते, अर्धे बरोबर असू शकते, किंवा पूर्ण बरोबर असून आपल्यापाशी पैसे नसू शकतात. या तिन्ही स्थितींसाठी कायद्याने वेगवेगळे दरवाजे ठेवले आहेत. त्यातील जवळजवळ प्रत्येक दरवाजा अर्ज केल्यावरच उघडतो आणि बहुतेकांना मुदत आहे. गप्प बसणाऱ्यासाठी मात्र कायद्यात वसुलीचे प्रकरण तेवढे आहे.

आधी ते प्रकरणच पाहू, म्हणजे भीती नेमकी कशाची बाळगायची ते कळेल. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याप्रमाणे मागणी नोटीस मिळाल्यापासून सर्वसाधारणपणे ३० दिवसांत रक्कम भरायची असते. त्यानंतर करदाता ‘कसूरदार’ ठरतो. थकलेल्या रकमेवर दरमहा एक टक्का व्याज चालू होते, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. मामांच्या काळी हा दर दीड टक्का होता, तो २००३च्या सप्टेंबरपासून एक टक्क्यावर आला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ५० हजारांची मागणी पाच वर्षे कपाटात ठेवली तर तिच्यावर ३० हजार रुपये व्याज चढते. याशिवाय अधिकारी दंड लावू शकतो आणि तो वाढत वाढत थकीत कराच्या रकमेइतका होऊ शकतो. तुमचे पैसे ज्यांच्याकडे आहेत, म्हणजे बँक, मालक, भाडेकरू, गिऱ्हाईक, त्यांना थेट पत्र पाठवून ते पैसे खात्याकडे वळवता येतात. त्यापुढे करवसुली अधिकाऱ्याकडे प्रकरण गेले की जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती आणि विक्री.

अटकेची तरतूदही आहे. तिच्याविषयी मात्र अफवाच अधिक ऐकू येतात, म्हणून दोन शब्द. केवळ पैसे नाहीत म्हणून कोणाला कैदेत टाकता येत नाही. ज्याने वसुली चुकवण्यासाठी मालमत्ता लबाडीने दडवली वा दुसऱ्याच्या नावे केली, किंवा ज्याच्यापाशी भरण्याची ऐपत असूनही जो भरत नाही, त्यालाच आणि तेही कारणे दाखवा नोटीस देऊन, म्हणणे ऐकून घेऊनच. कैदेची कमाल मुदत सहा महिने. स्त्रिया आणि अज्ञान मुले यांना या तरतुदीखाली अटक करता येत नाही. जप्तीलाही मर्यादा आहेत. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात ज्या वस्तू जप्त करता येत नाहीत, त्या येथेही करता येत नाहीत : अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे मंगळसूत्राला कायद्याने हात लावता येत नाही. आमच्या मामींनी बँकेची बातमी ऐकल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मंगळसूत्र काढून शेजारणीकडे ठेवायला दिले! त्यांना हे कोणी आधी सांगितले असते तर तेवढा एक दिवस तरी सुखाचा गेला असता.

आता दरवाज्यांकडे वळू. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : मागणी बरोबर आहे का? पुष्कळ मागण्या बरोबर नसतात, हे मी पत्रकार म्हणून सांगतो आणि त्याला न्यायालयाचा दाखला आहे. २००९ साली बंगळूरला विवरणपत्रांचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र सुरू झाले. गावोगावच्या कार्यालयांतील जुन्या रजिस्टरांमधील थकबाक्या तेथील संगणकावर चढवण्यात आल्या. त्यांत भरलेल्या रकमा न नोंदलेल्या, चुकीच्या, कधी करदात्याला कळवलेल्याच नाहीत अशाही बाक्या होत्या. परिणाम असा झाला की, लोकांना परतावा मिळायचा तो परस्पर त्या जुन्या बाकीत वळता होऊ लागला. दिल्लीच्या एका सनदी लेखापालाने उच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मार्च २०१३मध्ये खात्याला खडसावले. करदात्याला आधी कळवल्याशिवाय, त्याचे उत्तर विचारात घेतल्याशिवाय परतावा वळता करू नये, असे निर्देश दिले. एका पत्रावरून हे घडले, हे येथे बसलेल्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावे.

तेव्हा नोटीस आली की प्रथम ती खरी आहे का हे पाहावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर संगणकाने दिलेला दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर घालून, लॉगिन न करताही, पत्र अस्सल की बनावट ते तपासता येते. हल्ली बनावट नोटिसा पाठवून ‘इतके भरा, नाहीतर आजच अटक’ असे दूरध्वनी करणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट झालेला आहे. निवृत्त मंडळी त्यांचे पहिले भक्ष्य. पत्र अस्सल निघाले की स्वतःचे विवरणपत्र, भरलेल्या कराची चलने आणि २६एएस हे विवरण शेजारी ठेवावे. आपल्या पगारातून वा ठेवींच्या व्याजातून कापलेला कर त्यात दिसतो. मालकाने कर कापला पण आपल्या पॅनवर नोंदवलाच नाही, किंवा चलनावर निर्धारण वर्ष चुकले, अशा साध्या कारणांनी मागण्या निर्माण होतात. अशी नोंदीत दिसणारी उघड चूक असेल तर अपिलाची गरज नाही. दुरुस्तीचा अर्ज करावा. ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला त्याच्या अखेरीपासून चार वर्षे तो करता येतो. त्याखेरीज संकेतस्थळावर थकीत मागणीला उत्तर देण्याची सोय आहे. मागणी मान्य, अमान्य की अंशतः मान्य, आणि का, ते तेथे लिहावे लागते. ही नोंद केली की खात्याच्या दप्तरी आपण गप्प बसलेले नाही, हे निदान कायम होते.

अधिकाऱ्याने उत्पन्नच वाढवून धरले, वजावट नाकारली, असा मतभेद असेल तर मात्र अपील. पहिले अपील आयुक्तांकडे, आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत. त्याचे शुल्क आजही अडीचशे, पाचशे किंवा फार तर हजार रुपये आहे. चहापाण्याच्या खर्चात न्यायाचा दरवाजा उघडतो, असे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मुदत टळली असेल तर उशिराचे सबळ कारण प्रतिज्ञापत्रावर मांडून विलंब माफ करण्याची विनंती करता येते. मामांच्या बाबतीत पुण्याच्या एका वयस्कर वकिलांनी हेच केले. दुसरा एक मार्ग, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. अपील केलेले नसेल तर एक वर्षाच्या आत, पाचशे रुपये शुल्क भरून, आदेशाच्या पुनरीक्षणासाठी प्रधान आयुक्तांकडे अर्ज करता येतो. या अर्जावर करदात्याला प्रतिकूल असा आदेश देता येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अपील केले म्हणजे वसुली आपोआप थांबत नाही. त्यासाठी करनिर्धारण अधिकाऱ्याकडे स्थगितीचा वेगळा अर्ज करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने या बाबतीत १९९३मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१६मध्ये असे ठरले की वादग्रस्त मागणीच्या १५ टक्के रक्कम भरल्यास पहिले अपील निकालात निघेपर्यंत सामान्यतः उरलेली वसुली थांबवावी. जुलै २०१७मध्ये हे प्रमाण २० टक्के झाले. पुष्कळ अधिकारी २० टक्के म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजतात. तसे नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की असे प्रशासकीय परिपत्रक वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अर्धन्यायिक विवेकाला बेडी घालत नाही. प्रकरण योग्य असेल तर २० टक्क्यांहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते. आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने तर २००१मध्येच, केईसी इंटरनॅशनलच्या खटल्यात, स्थगितीच्या अर्जावर कारणे देऊन निर्णय केला पाहिजे, करदात्याची आर्थिक अडचण विचारात घेतली पाहिजे, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. अर्जात या निर्णयाचा उल्लेख करण्याने अधिकारी रागावत नाही. उलट समोरचा माणूस अभ्यास करून आला आहे, हे त्याला कळते.

आणि मागणी बरोबरच असेल तर? वाद नाही, पण पैसे नाहीत. मला वाटते, या सभागृहातील बहुतेकांच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न आहे. घरात आजारपण आले, धंद्यात उधारी अडकली, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेचा कर मोजायचा राहिला, आणि तोवर पैसे मुलाच्या शिक्षणात गेले. अशा वेळी कायदा अधिकाऱ्याला मुदत वाढवून देण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार देतो. अट एवढीच की, अर्ज त्या ३० दिवसांच्या आत केलेला बरा. त्यानंतरही अर्ज करता येतो, पण तोवर कसूरदाराचा शिक्का बसलेला असतो. अर्ज कसा करावा, यालाही महत्त्व आहे. ‘परिस्थिती बिकट आहे, सवलत मिळावी’ एवढेच लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. त्यावर अधिकारी काय करणार? मासिक उत्पन्न किती, घरखर्च किती, कर्जाचे हप्ते किती, बँकेत शिल्लक किती, आणि म्हणून दरमहा अमुक तारखेला अमुक रक्कम भरू शकतो, असा हिशेब मांडावा. पहिला हप्ता अर्जाबरोबरच भरून चलनाची प्रत जोडावी. आणि एकदा ठरले की एकही हप्ता चुकवू नये, कारण एक हप्ता चुकला की त्या तारखेला भरायच्या साऱ्या उर्वरित रकमेबद्दल आपण कसूरदार ठरतो. हप्ते मिळाले म्हणजे व्याज थांबते असे नाही, ते चालूच राहते.

ऐपत पाहून हळूहळू वसुली करण्याची ही कल्पना कोणी परदेशातून आणलेली नाही. शिवछत्रपतींनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. ज्या कुणब्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, दाणा द्यावा, आणि वसुली करताना वाढ न घेता केवळ मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसे हळूहळू घ्यावे, अशी त्यात आज्ञा आहे. ते उसनवारीचे पैसे होते, थकलेला कर नव्हे, हा फरक मला मान्य आहे. पण देणेकऱ्याला उभा ठेवला तरच देणे वसूल होते, ही जाण त्या पत्रात आहे आणि ती प्रत्येक वसुली अधिकाऱ्याने बाळगावी, अशी माझी अपेक्षा आहे. आजच्या कायद्यात व्याज माफ होत नाही असे मात्र समजू नका. कर भरल्याने खरीखुरी हलाखी ओढवली असेल किंवा ओढवणार असेल, थकबाकी आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी झाली असेल, आणि चौकशीत आपण सहकार्य केले असेल, तर थकबाकीवरील व्याज कमी वा माफ करण्याचा अधिकार वरिष्ठांना आहे. तिन्ही गोष्टी एकाच वेळी सिद्ध कराव्या लागतात. नोव्हेंबर २०२४च्या परिपत्रकाने ५० लाखांपर्यंतच्या व्याजाचा निर्णय आयुक्त पातळीवरच व्हावा, असे ठरवले. ‘सहकार्य केले असेल’ ही तिसरी अट पाहा. देव्हाऱ्यामागे नोटिसा ठेवणाऱ्याला ती कशी पूर्ण करता येणार?

आता अभय योजनांचा विषय. याविषयी मला माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. वांछू समितीने १९७१च्या अहवालात म्हटले होते की, एकदा चुकलेल्या करदात्याला प्रामाणिकपणे परत येण्यासाठी एक दरवाजा असावा. त्यातून १९७६मध्ये प्राप्तिकर तडजोड आयोग अस्तित्वात आला. पंचेचाळीस वर्षांनी, १ फेब्रुवारी २०२१ पासून, तो गुंडाळण्यात आला. दरम्यान १९९७ची ऐच्छिक उत्पन्न प्रकटीकरण योजना आली. त्यानंतर ‘कर विवाद समाधान’ आले. २०२०मध्ये ‘विवाद से विश्वास’ आली, तेव्हा प्रत्यक्ष कराची ४ लाख ८३ हजार प्रकरणे निरनिराळ्या अपील पातळ्यांवर अडकलेली होती, असे अर्थमंत्र्यांनीच अर्थसंकल्पात सांगितले होते. वादातील कर भरा, व्याज आणि दंड सोडून देतो, असे तिचे स्वरूप. तिची दुसरी आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली आणि तिच्यात घोषणापत्र देण्याची मुदत ३० एप्रिल २०२५ला संपली. महाराष्ट्राने २०२३च्या अभय योजनेत विक्रीकर, मूल्यवर्धित कर अशा वस्तू व सेवा कराच्या आधीच्या करांची दोन लाखांपर्यंतची थकबाकी पूर्णपणे माफ केली आणि ५० लाखांपर्यंत २० टक्के भरल्यास उरलेली सोडून दिली.

ज्याने आपल्या नावावर बाकी असताना अशा योजनेचा लाभ घेतला त्याने काही गैर केले, असे मी म्हणणार नाही. योजना कायद्याने केलेली असते. खुली असेल तर जरूर घ्यावी. पण वादातील कराचे व्याज सोडणे वेगळे आणि मुद्दल करच सोडणे वेगळे. ज्या किराणा दुकानदाराने २०१२ साली बायकोच्या बांगड्या गहाण टाकून मूल्यवर्धित कर भरला, त्याला २०२३ साली शेजाऱ्याचे दीड लाख माफ झालेले पाहून काय वाटले असेल? वारंवार अभय दिले की लोक कर भरण्याऐवजी पुढच्या अभयाची वाट पाहू लागतात. हे सरकार कोणाचेही असो. आणि वाट पाहणाऱ्याला दरमहा व्याज लागत असते, पुढची योजना येईल याची हमी नसते, आली तरी आपले प्रकरण तिच्या चौकटीत बसेल असेही नाही. तिच्यावर विसंबून घरसंसार चालवता येत नाही.

१ फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पातील घोषणा मात्र मी या माळेत ओवणार नाही. २००९-१० पर्यंतच्या वर्षांतील २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधील १० हजारांपर्यंतच्या किरकोळ मागण्या मागे घेण्यात आल्या, एका करदात्याला कमाल एक लाखापर्यंत. त्यातील काही नोंदी थेट १९६२पासूनच्या होत्या! ज्यांचे कागद ना खात्याकडे ना करदात्याकडे, अशा मृत नोंदी साफ करण्याचा तो प्रकार होता. सुमारे एक कोटी लोकांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. आपल्या नावावरची अशी जुनी नोंद गेली की नाही, ते आपल्या संकेतस्थळावरील खात्यात एकदा पाहून घ्यावे.

नोटीस येण्यापूर्वीच आपली चूक आपल्याला उमगली तर? ठेवीवरचे व्याज दाखवायचे राहिले, घरभाडे विसरले. त्यासाठी २०२२पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. आता ती निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ४८ महिने उपलब्ध आहे. कर आणि व्याज यांवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६० आणि ७० टक्के जादा भरावे लागतात. जितका उशीर तितके महाग. मात्र खात्याची विशिष्ट कारवाई सुरू झाल्यावर हा मार्ग बंद होतो.

दुकानदार बंधूंसाठी थोडक्यात सांगतो. वस्तू व सेवा कराच्या थकबाकीचे आयुक्तांच्या परवानगीने जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात. पण स्वतःच्या विवरणपत्रात स्वतः कबूल केलेला कर हप्त्यांनी भरता येत नाही. त्यामागचा विचार उघड आहे : तो कर तुम्ही गिऱ्हाइकाकडून आधीच घेतलेला आहे. पहिल्या अपिलासाठी वादातील कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात, मग उरलेली वसुली थांबते.

एक नाजूक विषय राहिला. वडील गेले आणि त्यांच्या नावे नोटीस आली. कित्येक घरांत मुलगा घाबरून स्वतःच्या बचतीतून पैसे भरून टाकतो, किंवा ‘ज्यांच्या नावे आहे ते राहिले नाहीत’ म्हणून पत्र परत पाठवतो. दोन्ही चूक. कायदेशीर वारस म्हणून उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर येते, परंतु देण्याची जबाबदारी वडिलांकडून आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मात्र ती मालमत्ता बाकी असताना विकून टाकली, तर तेवढ्यापुरते आपण व्यक्तिशः बांधले जातो. तेव्हा वारस म्हणून संकेतस्थळावर नोंदणी करावी आणि रीतसर उत्तर द्यावे. बहिणींनाही यात सांगावे. वाटणीच्या वेळी हे कागद कपाटातून निघाले की नाती कशी तुटतात, ते मी पाहिले आहे.

१९६१च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५च्या नव्या प्राप्तिकर कायद्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. कलमांचे आकडे त्यात बदलले. आधीच्या वर्षांच्या प्रकरणांना मात्र जुनाच कायदा लागू राहतो. म्हणून मी आज आपल्याला कलमांचे आकडे पाठ करायला लावले नाहीत.

मामांचे काय झाले, असा प्रश्न कोणाच्या तरी मनात असेल. वकिलांनी आम्हाला आधी अधिकाऱ्याकडे नेले. मामा तांबड्या फडक्यात बांधलेली बिलांची चळत घेऊन गेले होते. अधिकारी तरुण होता. त्याने ती चळत सोडली, पाने चाळली आणि म्हणाला, ‘‘हे दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर ही वेळच आली नसती.’’ पाच हजार तत्काळ आणि दरमहा दीड हजार, अशा हप्त्यांवर त्याने खाते मोकळे केले. दिवाळीच्या आदल्या दिवशी कामगारांना बोनस मिळाला. अपिलातला विलंब माफ झाला, आठ महिन्यांनी निकाल लागला आणि ३१,४०० रुपयांची मागणी ९,२०० वर आली. मागणी घटली तसे व्याजही घटले, जास्तीचे पैसे परत मिळाले. पण ९,२०० देणे होतेच. मामा अगदी निर्दोष नव्हते. एका वर्षाची दोन मोठी बिले त्यांनी धरलीच नव्हती, विसरून. ते त्यांना फार लागले. पुढे छापखाना बंद होईपर्यंत प्रत्येक चलन त्यांनी त्याच तांबड्या फडक्यात तारीखवार लावून ठेवले.

आता मी थांबतो. मागच्या दालनात दोन सनदी लेखापाल आणि एक वकील बसले आहेत. ज्यांनी नोटिसा बरोबर आणल्या असतील त्यांनी पहिल्या पानाची प्रत काढून घ्यावी, आदेश हाती पडल्याची तारीख तिच्यावर पेन्सिलीने लिहावी आणि रांगेत उभे राहावे. ज्यांच्या तीस दिवसांतले थोडेच दिवस उरले आहेत, त्यांना कृपया पुढे जाऊ द्यावे.